सुटं घर

घर सोडलं नाही आम्ही,
सोडवलं.
एकेक खुंटी ठोकून काढली, फळ्याफळ्यांवर कोळशानं आकडे घातले,
आणि अख्खं घर आडवं निजवलं नावेच्या पोटात.

इंद्रगिरीच्या मुखाशी आमच्या माडांना खारं पाणी लागलं होतं.
शेंडे झडून नुसते सोट उभे,
ओहोटीलासुद्धा घोटाभर पाण्यात.
अंबो म्हणाला, बिंतानला बेद्दूकडे जागा आहे. तांबडी माती.
एवढंच.
माझा बाप बोलतो तेव्हा
खिळे मोजून दिल्यासारखा देतो शब्द.

जिना काही मावला नाही.
तो डोलकाठीला बांधला, उभाच, साती पायऱ्यांसकट.
धाकटा पात्ता दिवसभर त्यावर बसून विचारत होता,
वर कुठली खोली आहे?

आणि मधला खांब.
आम्ही बुगी लोक त्याला घराची बेंबी म्हणतो.
त्यावर इंदोनं दुसरं काही रचू दिलं नाही,
त्याच्याशी पाठ टेकून ती तांदूळ निवडत बसली
तीन दिवस,
बेटं येत होती, जात होती,
ती खडे पाण्यात टाकत होती.

दुरियानची सामुद्रधुनी ओलांडली तेव्हा वारा होता.
मासे धरायच्या मचाणांवर दिवे लागलेले, खाली जाळी,
कुणीतरी हाक मारून विचारलं, विकायचंय का घर?
आम्ही हसलो. अंबोसुद्धा.

मग बाताम मागे पडलं आणि उत्तरेला तो उजेड दिसला,
पलीकडच्या देशाचा.
माझा फोन थरथरला: आपलं स्वागत आहे.
कुणी आम्हाला बोलावलं नव्हतं,
आम्हीही कुठे उतरणार होतो!
तरी मी तो निरोप पुसला नाही.

जहाजं आली म्हणजे काय,
क्षितिजाचा एकेक तुकडा सुटून चालू लागला.
त्यांना पाण्यावर रस्ते असतात, पट्टे न आखलेले,
वाट चुकून आम्ही त्याच रस्त्यात आडवे,
गावातली कोंबडी असते तसे.
आणि नेमका तिथेच वारा मेला.
शीड ओल्या धडप्यासारखं लोंबलं.
इंजिन दोनदा खोकलं, गप्प झालं.

अंबो उघड्या इंजिनावर वाकलेला, पात्ताच्या हातात बॅटरी,
बॅटरी हलतेय, अंबो ओरडतोय, नीट धर.
समोर काळी भिंत. तिच्या पायाशी पांढरा फेस.

इंदो उठली.
कंदील घेतला, कढई घेतली, पळी घेतली,
जिन्यापाशी गेली,
आणि थांबली.
मी पाहिलं. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
तिनं नावेच्या कडेवरून ओंजळभर समुद्र उचलला,
आधी उजवा पाय धुतला, मग डावा,
जशी रोज घरात शिरताना धुवायची,
आणि मगच चढली.

सातव्या पायरीवरून तिनं जी कढई बडवली!
ऐकली असेल का त्यांनी? तेवढ्या उंचीवर?
माहीत नाही.
भोंगा वाजला. माझ्या दातांत वाजला.
भिंत जरा कलली, किंवा प्रवाहानं आम्हाला ओढलं,
अंबो म्हणतो प्रवाह, पात्ता म्हणतो कढई.

मागून लाटा आल्या.
पहिली नावेवरून गेली, दुसरीनं कोंबड्यांची टोपली उलटली,
तिसरीनं एक फळी उचलली
आणि अंधारात नेली.

चौदा नंबरची. स्वयंपाकघराची, पूर्वेकडची.

तांबड्या मातीवर घर आठ दिवसांत उभं राहिलं.
आकडा आकड्याशेजारी गेला,
बेंबी खड्ड्यात बसली, बेद्दूनं नारळ फोडला.
तेरानंतर पंधरा.
मधून समुद्र दिसायचा, रात्री जहाजांचे दिवे.

अंबोनं नवी फळी तासून आणली, तिच्यावर चौदा लिहिलं.
इंदो चुलीपाशी होती.
राहू दे, म्हणाली,
धुराला जायला काहीतरी लागतंच.